तुझ्या पानावर काय वाढू, शालन

शालन, तेराव्याला तुझं पान वाढायला घेतलं आणि घरात कुणालाच ठाऊक नव्हतं तुला काय आवडायचं.

तुझी सून कल्पना केळीचं पान पुसून, हातात डाव घेऊन उभी. आळीतल्या बायका वडे तळून आणि खीर घोटून दमलेल्या. गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक तरी पानावर हवं, म्हणून कल्पनानं सुरेशला विचारलं, "अहो, आईंना काय आवडायचं?" तुझा सुरेश आता कंपनीत शिफ्टचा साहेब आहे, एवढी माणसं त्याचं ऐकतात. पण तो खांबाला टेकून असा उभा राहिला, जसा लहानपणी पाढे विसरल्यावर राहायचा. मग म्हणाला, "चहा. चहा प्यायची ती." चहा पानावर वाढता येत नाही, हे त्यालाही कळलं. तो मागच्या दारी निघून गेला.

बायका मदतीला धावल्या. "त्यांना कसली गो आवड? सगळे वार उपासाचे." "जिभेवर ताबा व्हता बाईंचा." "दहाव्याला कावळा बघितलास ना? पिंड ठेवला नाय तोवर आला. वासनाच उरली नव्हती कशावर."

कुंडलिकेच्या घाटावरचे ते कावळे मला चांगले माहीत आहेत. माझ्या डोळ्यांदेखत त्यातल्या एकानं भटजींच्या पिशवीतलं केळं पळवलं. त्याला भूक लागलेली होती, बाकी काही नाही. पण तेवढ्यावरून तुला शेवटचं प्रमाणपत्र मिळालं. जन्मभर उपाशी राहिलीस, आणि लोकांनी त्याला तुझा मोठेपणा म्हटलं.

मला ठाऊक होतं तुला काय आवडायचं. पण ते सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, आणि ते बोलायचं नाही असं मी तुला कबूल केलेलं. म्हणून मी पदराला हात पुसत गप्प उभी. मी, गप्प. तू असतीस तर माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असतास.

आपण दोघी एकाच मांडवातल्या. वरशाची मी पेणला गेले, पेणची तू वरशाला आलीस. माझ्या दादाला तू, तुझ्या भावाला मी. असं साटंलोटं झाल्यामुळे दोघी एकमेकींच्या नणंदाही आणि वहिन्याही. मान कुणी कुणाला द्यायचा, यावर दोन्हीकडच्या म्हाताऱ्या भांडत बसल्या. आपण मांडवामागे जाऊन ठरवून टाकलं, तू शालन आणि मी इंदू, बाकीचं मोठे बघून घेतील. सुरेश अजून मला आत्या म्हणतो. चिडला की मामी.

त्याच मांडवात पंगतीला घास भरवायची वेळ आली. तेव्हाच्या मला तू बघितलं आहेसच. उखाणा पाठ करून करून घसा बसलेला आणि तोंड एवढं उघडलेलं, की तुझ्या भावाचा हात मनगटापर्यंत आत जातो की काय, असं वाटून बायका हसल्या. शेजारच्या पाटावर तू होतीस. दादानं जिलबीचा तुकडा तुझ्या तोंडाशी नेला. तू मान फिरवलीस. लाजली, म्हणाले. त्यानं परत नेला. तुझ्या गळ्याची शीर टरटरून वर आलेली मला दिसली. मग तू पाटावरून उठलीस आणि मांडवाच्या कडेला जाऊन ओकलीस. ऊन लागलं, म्हणाले. मी मनात म्हटलं, केवढे नखरे. माझ्या भावासारखा सोन्याचा माणूस भरवतोय आणि हिला जिलबी नको. तुझ्या वाटची जिलबीही मीच खाल्ली. एवढी अक्कल होती तेव्हा मला.

पुढे तू माहेरपणाला पेणला आलीस की आपण पापड लाटायला बसायचो. पोह्याचे पापड, तुझ्या आईचा घरचा धंदा. तुझा पापड असा पातळ, की खाली पोळपाटाच्या लाकडाच्या रेघा दिसाव्यात. माझं लक्ष पापडाकडे नसायचंच, लाट्यांकडे असायचं. तिखट, कच्ची, तेलात बुडवलेली लाटी. पापड कसलीही सून लाटते, लाटी खायला नशीब लागतं. सासूबाई ओरडायच्या, "इंदे, इकायला पन ठेव गो कायतरी. शालनकडं बघ. सकाळपासनं बसलेय, एक लाटी तोंडात टाकली नाय. शीक."

शिकले. मीही सोमवार धरला. माझा सोमवार म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, चार वाजता दाण्याचा लाडू, आणि संध्याकाळी सोडताना जेवण, ते वेगळं. उपासानं माझ्या चोळ्या उसवायला लागल्या. तुझे मात्र सोमवारामागून गुरुवार, गुरुवारामागून शनिवार, मग संकष्टी, एकादशी, प्रदोष. काही तर निर्जळी. मला वाटायचं, तू माझ्याशी शर्यत लावली आहेस. एका सोमवारी मी चोरून पोहे खात असताना तू दारात आलीस. मी तोंड भरलेलं असतानाच म्हटलं, "देवाला सांगू नको." तू हसलीस. म्हणालीस, "मी देवाशी बोलतच नाय गो." मला तो विनोद वाटला. किती वर्षं मी तो विनोद म्हणून लोकांना सांगत फिरले.

आणि ती गोड बातमी. तुझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. मी वरशाला माहेरी आलेली. पेंढ्याच्या उडवीमागे तुला ओकताना बघितलं आणि तशीच धावत घरात गेले. आईला सांगितलं, शेजारी सांगितलं, विहिरीवर सांगितलं. आईनं घरात होती नव्हती तेवढी साखर वाटली. तू ओटीवर उभी होतीस, तळहातावर साखर घेऊन, आणि तिच्याकडे अशी बघत होतीस, जसं काही ती आता चावेल. मला म्हणालीस, "इंदू, नाय गो तसलं काय." मी म्हटलं, "लाजतेस काय?" दोन महिन्यांनी सगळ्यांना कळलं की तसलं काही नाही. तेव्हा नावं ठेवली ती तुलाच. साखर वाटायला लावणारीला कुणी काही बोललं नाही. मग मूल होत नाही म्हणून आणखी उपास. अंगात रक्त नाही म्हणून मूल नाही, मूल नाही म्हणून उपास, असा तो घाणा फिरत राहिला. सुरेश कसा काय झाला, ते मला अजून कळत नाही. आठ महिने तू भाताच्या पेजेवर बसून काढलेस, दार लावून, एकटी. मला तेव्हा दाराचा राग यायचा.

तुला सगळ्यांसमोर पोटभर खाताना मी पाहिलं ते एकाच ठिकाणी. वरशाच्या शेतात, पोपटीला.

वाल भरले की दादा पोपटी लावायचा. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर मीठ आणि ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाला परत पाला दाबायचा. मडकं पालथं घालून भोवती पेंढा आणि गोवऱ्या पेटवायच्या. एका वर्षी उन्हं कलायच्या आत मडकं फोडलं. शेंगांचा ढीग पेंढ्यावर पसरला, वाफ वर आली, आणि सगळे भोवती बसले. मी अर्थातच ढिगाच्या सर्वांत जवळ. बोटं भाजत होती, मी हात झटकत होते, खात होते, परत भाजून घेत होते. सहज मागे बघितलं तर तू बांधावर पाठमोरी. पदरात शेंगा घेतलेल्या. एक सोलायचीस, दाणे तोंडात, टरफल बाजूला. घाई नाही, चोरटेपणा नाही. पदर संपला तशी उठून आलीस, आणखी घेऊन गेलीस. तुझ्या पायाशी टरफलांचा माझ्यापेक्षा मोठा ढीग झाला होता. मला धक्का बसला. खरं सांगू, थोडा रागही आला. खाण्यात तरी मी पुढे होते.

पोपटीच का, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पोपटीला वाढणारं कुणी नसतं. ताट नसतं. "घे की अजून", "एवढंच?", "माझी शपथ" असलं कुणी म्हणत नाही. ज्याची शेंग त्यानं सोलायची. दुसऱ्याचा हात तुझ्या खाण्याच्या आसपासही येत नाही.

हे तूच सांगितलंस, तात्या वारले तेव्हा.

तात्या म्हणजे तुझ्या वडिलांचे चुलतभाऊ, पेणच्या घरीच राहायचे, पोह्यांच्या कोठीची किल्ली त्यांच्याकडे. माझ्याशी ते चांगले वागले होते, म्हणून मी रडून डोळे सुजवून वरशाला आले, तुला बातमी द्यायला. तू मागच्या पडवीत बिरडं सोलत होतीस. भिजलेला वाल चिमटीत दाबायचा, साल हातात, डाळिंबी भांड्यात. मी म्हटलं, "शालन, तात्या गेले."

तुझा हात थांबला नाही. तू विचारलंस, "नक्की?"

"नक्की म्हंजे? मी बघून आलेय."

"बस," तू म्हणालीस. "सोलायला लाग."

मी बसले. आणि तू भांड्यात बघत बोलायला लागलीस. सात-आठ वर्षांची होतीस. कोठीत पोहे काढायला तात्या तुला बरोबर न्यायचे. दार लावून घ्यायचे. तिथे काय व्हायचं ते तू मोजक्या शब्दांत सांगितलंस आणि मी ते इथेही लिहिणार नाही. मग दुपारी पंगतीला तेच तात्या तुला मांडीवर घ्यायचे आणि आपल्या ताटातले घास भरवायचे. सगळ्यांसमोर. तू तोंड मिटलंस की तुझी आई म्हणायची, "खा गो, काका किती माया करतो." त्याच हातानं. तू म्हणालीस, "बाकीचं मला थांबवता येत नव्हतं, इंदू. तोंड तेवढं मिटता येत होतं. माज्या हातात येवढंच व्हतं. मग पोटात दुखतं सांगायची, मग उपास सांगायला लागली. उपास म्हटलं की कुनी जबरदस्ती करत नाय. उलट पाया पडतात."

एवढं सांगून झाल्यावर तू हसलीस. मला त्या हसण्याचा अजून त्रास होतो. सगळ्या घरादाराला, सगळ्या वरशाला, ज्या एका शब्दानं तू दाराबाहेर ठेवलंस, तो शब्द म्हणजे उपास. दुसऱ्या कुठल्या मुलखात एखादी बाई अशी जेवेनाशी झाली असती, तर कुणीतरी म्हटलं असतं, हिला काय झालंय. आपल्याकडे तिच्या हातून हळदीकुंकू घ्यायला रांग लागली. नव्या सुना तुझ्या पायावर घालायला आणायचे, आठवतं? आणि कधीकधी उपास असह्य होऊन तू कोठारात उभ्या उभ्या शिळा भात मुठीनं खायचीस, मग घशात बोटं घालून उडवीमागे सगळं काढून टाकायचीस. तीच माझी गोड बातमी.

ते ऐकून मी काय म्हटलं असेल? तेव्हाची इंदू मोठी शहाणी. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "मेला ना आता मेला. आता जेव पोटभर." जसं काही कुणी वाट अडवून बसलं होतं, ते उठलं, आता गाडी जाऊ द्या.

तू एक वाल दाबलास. डाळिंबी भांड्यात पडली. "तो गेला," तू म्हणालीस, "पन त्याचा हात ताटात येतो अजून."

मग मला कबूल करायला लावलंस, कुणाजवळ बोलायचं नाही. दादाजवळ नाही, सुरेशजवळ तर नाहीच. मी वाद घातला. तेव्हाही आणि नंतर दर भेटीलाही. मी म्हणायची, सांग त्याला, त्याची आई आहेस, तो काय तुला खाणार आहे? तू म्हणायचीस, "त्याला त्याची आई उपासवाली म्हनून ठाव हाय. तीच ऱ्हाऊ दे." मी म्हणायची, मग डॉक्टरला सांग. तू म्हणायचीस, "डॉक्टर काय कोठीचं दार उघडनार हाय?" आणि उठून चहा टाकायला निघून जायचीस. प्रत्येक वाद तू असा अर्धा टाकून गेलीस. आताही तेच केलंस.

मागच्या पावसाळ्यात तू न्हाणीत पडलीस, हाड मोडलं, तेव्हा सुरेशनं तुला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टर, पोरगीच ती, आपल्या नातीपेक्षा, तन्वीपेक्षा, थोडी मोठी. तिनं तुझे कागद बघितले, तुझी मनगटं बघितली, सुरेशला बाहेर बसवलं. मला तू बाहेर जाऊ दिलं नाहीस. ती म्हणाली, "आजी, खाणं कधीपासून कमी आहे?"

"उपास हायत माजे."

"उपासाच्या आधी काय होतं?"

एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. ती पोरगी घाई न करता बसून राहिली. मग हळूच म्हणाली, की लहानपणी कुणी छळलं असेल, अंगाला नको तसा हात लावला असेल, तर काही बायकांचं खाण्याशीच वाकडं येतं. कुणी खात नाही, कुणी खाऊन काढून टाकते. सगळ्यांचं तसंच असतं असं नाही, पण विचारायला हवं. याच्यावर इलाज असतो, बोलण्याचाही असतो, आणि या वयातही उपयोग होतो. तू मान हलवलीस, हो की नाही ते कळेल अशी नाही. परतताना गाडीत बसल्यावर माझ्या कानाशी म्हणालीस, "पोरगी हुशार हाय गो. पन उशिरा जन्मली."

तिच्याकडे परत जायचं ठरलं होतं. मी पेणहून येणार होते, तुझ्या शेजारी बसणार होते. तुझ्या हृदयानं तोवर वाट बघितली नाही. त्याला इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलंस, ते दमलं.

आता तन्वीचं सांगते. तेराव्याला पान तसंच कोरं पडलेलं असताना तुझी नात पुढे आली. वीस वर्षांची झाली आता, पण तुझा फोटो छातीशी धरून उभी राहिली तेव्हा परत लहान दिसली. म्हणाली, "आजीचे उपास मी पुढं चालवणार. सगळे." बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं. "बघा, रक्तात उतरलंय." कल्पनानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. सुरेश मागच्या दारातून आत आला, त्याचा चेहरा उजळलेला. त्या बिचाऱ्याला अखेर आईच्या आवडीचं काहीतरी सापडलं होतं.

मी तन्वीच्या हाताकडे बघितलं. तिनं हात वर केला तशी बांगडी मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरली. शालन, ती तुझी बांगडी होती आणि तुझ्याच हातावर ती तशी घसरायची. मग मला एकेक आठवायला लागलं. दिवाळीला ताट खोलीत घेऊन गेली होती. गणपतीत म्हणाली, कॉलेजात खाल्लं. कल्पना फोनवर कौतुकानं सांगत होती, पोरगी किती बारीक राहिलीय, आमच्यासारखी नाही.

म्हणून मी बोलले. तुझा शब्द मोडला. मोडताना तुझ्या फोटोकडे बघितलं आणि फोटोनं उठून चहा टाकायला जाता येत नाही, म्हणून या वेळी वाद पुरा झाला. मी जिंकले, आणि असं जिंकायला मला मुळीच आवडलं नाही.

बायकांना मी अंगणात काढलं. कसं? म्हटलं, बाहेर चुलीवरची खीर लागतेय. पाच जणी धावल्या. आत सुरेश, कल्पना, तन्वी आणि मी. मी म्हटलं, "सुरेश, तुझी आई उपास नाय करायची. तिला जेवता येत नव्हतं. लहान असताना घरातल्या एका मानसानं तिच्याशी वाईट केलं, आणि त्याच हातानं तिला भरवलं. तेव्हापासून तिला कुनासमोर घास गिळायचा नाय. तो आजार व्हता. आपन त्याला देवाचं नाव दिलं." कोण तो, ते सुरेशनं विचारलं. सांगितलं. तो खाली बसला. मग म्हणाला, "मी तिला शपथा घालायचो, मामी. खा म्हनून. माझी शपथ घालायचो." मामी म्हणाला, पण चिडला नव्हता.

मी म्हटलं, "आणि तिला काय आवडायचं म्हणशील तर पोपटी. उठ. वाल हाय ना शेतात?"

तेराव्याला पोपटी कुणी लावत नाही. भटजींनी ऐकलं तर मला घाटावरच बसवतील. पण सुरेश उठला. पानावर वडे आणि खीर रीतीप्रमाणे वाढली, आवडीची जागा तेवढी मोकळी ठेवली. आम्ही शेतात गेलो. सुरेशला मडकं लावता येतं, दादानं हयात असताना शिकवलेलं. कल्पनानं भांबुर्डा तोडून आणला, डोळे पुसत, नाक पुसत. मी बांधावर बसून सगळ्यांना सूचना करत होते. ते काम मला चांगलं जमतं.

तन्वी माझ्याजवळ येऊन बसली. धूर दुसऱ्या बाजूला होता, तरी तिचे डोळे चुरचुरत होते. म्हणाली, "पेणची आजी, तुला एक सांगितलं तर कुणाला सांगशील?"

माझ्या तोंडावर आलेलं, नाय गो बाय, कुणाला नाय. सवयीनं आलेलं. ते मी गिळलं. आयुष्यात प्रथमच काहीतरी गिळून पोट भरलं नाही. मी म्हटलं, "सांगेन. ज्याला सांगायला हवं त्याला सांगेन, तुला विचारून, तुझा हात धरून सांगेन. तुझ्या आजीला मी नाय सांगणार म्हटलं व्हतं. बघ काय झालं."

ती धुराकडे वळली. मला वाटलं, गेली, दार लागलं. मग म्हणाली, "आज नको."

"बरं," मी म्हटलं. "मी हितंच हाय."

मी पेणला परत जायची तयारी करून आले होते. पिशवी ओटीवर होती, नागोठण्यावरून जाणारी गाडी होती. मी पेणच्या घरी फोन करून सांगितलं, येत नाही इतक्यात. किती दिवस, ते विचारल्यावर म्हटलं, येताना आणलेले पापड संपेपर्यंत. त्या डॉक्टर पोरीचा नंबर सुरेशकडून घेऊन माझ्या फोनमध्ये ठेवला आहे. पाळीपाळीनं मी आणि कल्पना तन्वीसोबत जाऊ. ती म्हणेल तेव्हा. पण ती म्हणेपर्यंत मी वरशालाच आहे, एवढं पक्कं.

तुझा भाऊ गेला तेव्हा मी जेवायची बंद झाले होते, तुला आठवतं? मी, जिच्या लाट्यांचा हिशेब सासू शेवटपर्यंत करत होती, ती. सगळे येऊन म्हणायचे, खा. जीवाला जप. तू आलीस. पिठलं-भात केलास, ताट माझ्यापुढे ठेवलंस आणि माझ्याकडे पाठ करून बसलीस. म्हणालीस, "खा म्हनत नाय मी. हाय, येवढंच सांगते." दुपारभर तशी बसून होतीस. तुझी ती हडकुळी पाठ बघत मी जेवले. मी तुला कधी विचारलं नाही, तुला हे कसं माहीत. तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार होतं.

मडकं फोडलं. शेंगा पेंढ्यावर ओतल्या, वाफ वर आली, तुझ्या पोपटीचा तो वास शेतभर झाला. पहिली ओंजळ आम्ही बांधावर ठेवली, तू बसायचीस तिथे. सुरेशनं ठेवली. मग तो बसला, कल्पना बसली. तन्वी शेंगा पदरात घ्यायला पदर नाही म्हणून ओढणीत घेऊन थोडी लांब जाऊन बसली, आमच्याकडे पाठ करून. कल्पनानं तोंड उघडलं. मी तिचा हात दाबला. सुरेशनं तिकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, "तुझ्यापुढचं सोल."

मीही पाठ फिरवली, शालन. जन्मात प्रथमच शेंगांचा ढीग मागे टाकून बसले. समोर नुसतं भाताचं कापलेलं शेत. आधी काही ऐकू आलं नाही. मग मागे तन्वीच्या हातात एक शेंग तडकली. मग बराच वेळ काही नाही.

मग दुसरी.